शेलापागोटं नको, बक्षीसपत्र द्या

जानेवारी संपत आला की शाळाशाळांतून एक खोका फिरायला लागतो. बुटाचा रिकामा खोका, वरून रंगीत कागद डकवलेला, झाकणाला ब्लेडने पाडलेली फट. दहावीच्या निरोप समारंभाची ही तयारी. ज्याला ज्याच्याबद्दल जे लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, ज्याच्यावर लिहिलं त्याचं मात्र ठळक. समारंभाच्या दिवशी कुणीतरी माइक घेऊन चिठ्ठ्या वाचतं, नाव पुकारलेला मुलगा उठून पुढे येतो, त्याच्या हातात एखादी वस्तू पडते. फुटका कंगवा, गाजर, पावडरचा डबा, बाळाच्या बाटलीचं बूच. सभागृह हसतं, पुढचं नाव पुकारलं जातं. कॉलेजात याला फिशपाँड म्हणतात. आपल्याकडचा शब्द शेलापागोटे.

मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे, त्यातली निम्मी दहावीला. इतके निरोप समारंभ पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. चिठ्ठ्यांचा हा खोका शाळांनी बंद करावा. पण निरोपाच्या दिवशीचं हसणं अजिबात बंद करू नये. त्या दिवशी मुलांनी एकमेकांची थट्टा करावी, पोट धरून हसावं, फक्त थट्टा करणाऱ्याने नावानिशी समोर यावं आणि हातात काहीतरी द्यावं.

शेला आणि पागोटं म्हणजे मानाचं वस्त्र. एखाद्याचा गौरव करायचा तर खांद्यावर शेला घालायचा, डोक्याला पागोटं बांधायचं. लग्नकार्यातल्या मानपानातही ते असायचं. समारंभातल्या टोमण्यांना हा शब्द चिकटला, तेव्हा त्यात मौज होती. मान देण्याचा आव आणून केलेली गंमत, असा त्याचा अर्थ होता. आता मान गेला, आव उरला. मुलांना तर हा शब्द कुठून आला हेही ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी शेलापागोटं म्हणजे जे एरवी तोंडावर बोलता येत नाही ते बोलायची वर्षातली एक मोकळीक.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. त्या वर्षी माइक माझ्याकडे होता. आधी सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या होत्या, वाईट शब्द असलेल्या फाडून टाकल्या होत्या. उरलेल्या निरुपद्रवी आहेत अशी माझी खात्री होती. एका मुलीला चिठ्ठी होती, 'कुंभकर्णाची धाकटी बहीण'. ती रोज प्रार्थनेला उशिरा यायची. भेट होती प्लास्टिकचं गजराचं घड्याळ. मी वाचलं, सभागृह हसलं, ती पुढे आली आणि तीही हसली. चार दिवसांनी परीक्षेची प्रवेशपत्रं वाटत होते, तेव्हा तिने ते घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं. "बाई, हे शाळेतच राहू द्या. माझ्याकडे घड्याळ आहे. चारचा गजर लावलेला असतो." वस्तीवर टँकर पहाटे यायचा. आई कामावर जायची, पाणी भरायला हीच. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि मी तिच्या नावापुढे लाल शाईने 'उशिरा' लिहीत होते.

त्या चिठ्ठीत एकही वाईट शब्द नव्हता. म्हणूनच, 'आम्ही चिठ्ठ्या तपासून घेतो, आमच्याकडे काही वावगं होत नाही' असं एखाद्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की माझं समाधान होत नाही. तपासणारा शब्द तपासतो. शब्दामागे कुणाचं घर आहे, कुणाच्या वडिलांचा धंदा, कुणाचा आजार, ते त्याला दिसत नाही. लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. ज्याच्यावर लिहिलं त्याला एकट्याला ठाऊक असतं, आणि त्याने तर हसायचंच असतं. तो हसला नाही तर 'याला मस्करी कळत नाही' असा आणखी एक शिक्का बसतो.

कायद्याकडे पाहिलं तरी या खोक्याला फार आधार सापडत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा. त्यातली व्याख्या वाचली तर विद्यार्थ्याला लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं, चिडवणं, खोड्या काढणं, सगळंच त्यात बसतं. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा आणि दहावीचं पोर पंधराचं. निरोप समारंभातल्या चिठ्ठीसाठी कुणी पोलिसात जावं असं मला मुळीच वाटत नाही. एवढंच म्हणते, की इतर ३६४ दिवस ज्या वागण्याला आपण शिक्षा करतो, त्याच वागण्याला एका दिवसासाठी आपण व्यासपीठ, माइक आणि टाळ्या देतो. दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात. शाळेने त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य एखादी निनावी चिठ्ठी असावी, हे मला पटत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं. आमच्या वेळीही आम्हाला जाड्या, काळ्या, बोबड्या म्हणायचे, आमचं काय बिघडलं? आताची पोरंच हळवी झाली आहेत. हे मी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ऐकते आणि दरवेळी आजूबाजूला नजर फिरवते. जे आलेले असतात ते हे बोलतात. पंचवीस वर्षांनी वर्गाचा व्हॉट्सॲप गट निघाला, साठातले चाळीस त्यात आले. उरलेल्या वीसांतले काही कामात असतील, काहींचा नंबर मिळाला नसेल. पण काही जण असे आहेत ज्यांना नंबर मिळाला, निरोप मिळाला, आणि तरी ते आले नाहीत. त्यांचं काय बिघडलं हे त्या मेळाव्यात कुणी विचारत नाही, कारण सांगायला ते तिथे नसतात.

दुसरं असं की तेव्हाची चिठ्ठी संध्याकाळी झाडूवाल्या मावशींच्या सुपात जायची. आता ती कुणाच्या तरी फोनमध्ये असते. नाव पुकारलं, मुलगी उठली, चेहरा पडला, मग हसली, हे सगळं तीस सेकंदांत स्टेटसला. छापलेली गंमत किती दिवस जगते याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. २०१८ साली ब्रेट कॅव्हॅनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीची सिनेटमध्ये सुनावणी चालू होती, तेव्हा त्यांच्या शाळेचा १९८३ चा वार्षिकांक बाहेर आला. त्यात त्यांच्यासह बऱ्याच मुलांनी ओळखीच्या एका मुलीच्या नावावरून एकच सूचक उल्लेख आपापल्या पानावर छापला होता. ती आमच्या घोळक्यातली होती, आम्ही ते आपुलकीने लिहिलं, असं कॅव्हॅनॉ यांनी सांगितलं. त्या बाईंना मात्र हे पान अस्तित्वात आहे हेच ३५ वर्षं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी मनाला लागल्याचं सांगितलं. शाळा फक्त मुलग्यांची होती, अंक त्यांचा, हसणं त्यांचं. जिच्यावर हसले तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथल्या आणखी एका रीतीबद्दल लिहायला हवं, कारण मला आमच्या शाळेतला पर्याय तिथूनच सुचला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कॉलेजांत शेवटच्या वर्गाचा एक दिवस साजरा व्हायचा. त्यात वर्गाचा इतिहास, वर्गाची कविता, वर्गाचं भविष्य वाचलं जायचं. विसाव्या शतकात ही रीत हायस्कुलांच्या वार्षिकांकांत स्थिरावली आणि दोन गोष्टी हमखास दिसू लागल्या, एक वर्गाचं मृत्युपत्र आणि दुसरी वर्गाचं भविष्य. मृत्युपत्रात जाणारी मुलं आपली 'इस्टेट' मागे राहणाऱ्यांना वाटून टाकतात. कुणी आपली उशिरा येण्याची कला धाकट्या भावाला देतो, कुणी खिडकीजवळची जागा, कुणी ग्रंथपालांची ओरडणी. सगळं वकिली भाषेत.

या थट्टेचं मूळ फार जुनं आहे. चौथ्या शतकातलं एका डुकराचं लॅटिन मृत्युपत्र आजही उपलब्ध आहे, आणि ते शाळकरी पोरांच्या तोंडी होतं हे विशेष. त्या काळचा ख्रिस्ती विद्वान संत जेरोम लिहितो, की शाळांमधून पोरांचे घोळकेच्या घोळके खदाखदा हसत हे म्हणत असतात. त्याला ते आवडत नव्हतं हे उघड आहे. गोष्ट अशी. आचारी सुरी घेऊन आलेला आहे. डुक्कर एक तासाची मुदत मागतं. स्वतःला लिहिता येत नाही म्हणून तोंडी सांगून लिहवतं. बापाला ओकची फळं, आईला गहू, आणि 'जिच्या लग्नाला मला हजर राहता आलं नाही' त्या बहिणीला जव. मग स्वतःच्या देहाची वाटणी. राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना आणि बडबड्यांना, फुगा करून खेळायला मूत्राशय पोरांना, शेपूट पोरींना.

बहिणीच्या लग्नाची ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं हसू घशातच राहिलं. सोळाशे वर्षांपूर्वी कुणा मास्तराच्या वर्गात ती पोरं हसत होती, तेव्हा त्यातल्या एखाद्याचा तरी आवाज त्या ओळीला चाचरला असेल. आणि यात थट्टेची घडण बघा. हसू येतं ते देणाऱ्याचं. घेणाऱ्याला चिमटा बसतोही, वकिलांना तर चांगलाच बसतो, पण त्याच्या पदरात काहीतरी पडतं. देणारा नाव लपवत नाही. नाव लपवून मृत्युपत्र करताच येत नाही.

तर आठ वर्षांपूर्वी मी दहावीच्या मुलांना म्हटलं, खोका नको, आपण वर्गाचं मृत्युपत्र लिहू. मुलं खूश. पण घरून निरोप आले. परीक्षा तोंडावर असताना पोरांकडून असलं अभद्र काय लिहून घेता? मला ते म्हणणं मान्य झालं. आपल्याकडे शुभकार्याच्या तोंडावर असा शब्द उच्चारत नाहीत, आणि आई-वडिलांच्या मनात परीक्षा म्हणजे कार्यच. वाट दाखवली ती एका मुलाच्या वडिलांनी. ते दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहितात, तीस वर्षं तोच व्यवसाय. ते शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. ही पोरं तर जिवंत आहेत. बक्षीसपत्र करा."

मग त्यांनी तासभर वर्गात बसून मुलांना दस्त कसा लिहितात ते शिकवलं. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता', दोन साक्षीदार. आणि एक गोष्ट त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या, स्वीकृती. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे. त्याच्या १२२ व्या कलमानुसार बक्षीस नुसतं देऊन पुरं होत नाही, घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं, तेही देणारा हयात असताना. नको म्हणायचा त्याला हक्क आहे. मी इतकी वर्षं जे शोधत होते ते या एका शब्दात होतं. थट्टेला समोरच्याची स्वीकृती लागते, आणि नाकारायची मुभा नसेल तर ती स्वीकृती खरी नव्हे.

तेव्हापासून आमच्याकडे दहावीतला प्रत्येक जण नववीतल्या एकाला बक्षीसपत्र लिहून देतो. वाचून दाखवतो तो स्वतः, सही स्वतःची. नववीतला उभा राहून 'स्वीकारलं' म्हणतो, नाहीतर 'नाकारलं' म्हणतो, आणि नाकारल्याचंही हसून स्वागत होतं. एका मुलाने शेवटचा बाक दिला होता, त्याचं वर्णन मला पाठ आहे. 'सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस खिडकी, त्यातून पेरूचं झाड दिसते. पश्चिमेस मित्राचे दप्तर. दक्षिणेस भिंत, टेकण्यास उत्तम. उत्तरेस गणित.' एका मुलीने पाच दहाच्या एसटीतली तिसरी खिडकी दिली आणि सोबत कंडक्टरकाकांची ओळख, 'ते धावत येणाऱ्या मुलीसाठी दोन मिनिटं थांबतात, पण हात करावा लागतो.' एकाने वर्गातल्या पंख्याचं ज्ञान दिलं. बटण दोन आणि तीनच्या मधे अलगद थांबवलं तरच तो फिरतो, हे दोन वर्षांच्या प्रयोगांती त्याच्या लक्षात आलं होतं. एका मुलाला फारसं बोलता यायचं नाही, अडखळायचा. त्याने आपलं अर्धं खोडरबर दिलं. त्याच्या पत्रात एवढंच होतं, की हे पाचवीपासून हरवलेलं नाही.

या पत्रांतही थट्टा आहे, भरपूर आहे. आमच्या गणिताच्या सरांनाही चिमटे बसले आहेत आणि मलाही. पण थट्टा करायची म्हणजे आधी आपल्याकडे काय आहे ते शोधावं लागतं, आणि नववीतल्या कुणाला त्याची गरज आहे हेही. पंधरा वर्षांची मुलं आठवडाभर त्या शोधात असतात. चिठ्ठी लिहायला समोरच्यातलं एक व्यंग पुरतं आणि अर्धं मिनिट पुरतं.

आता भविष्यांबद्दल, कारण तिथे दुखणं जास्त खोल आहे. 'वीस वर्षांनी आपला वर्ग' हा कार्यक्रम बऱ्याच शाळांत होतो. मी त्यातल्या भविष्यांची एक वही ठेवली आहे. मुलांची भविष्यं कामाबद्दल असतात, मुलींची सासरबद्दल. तो कलेक्टर होणार, ती सासूला नाचवणार. तो क्रिकेटपटू, ती तीन पोरांची आई, लाटणं हातात. वर्गात पहिली येणारी मुलगीही यातून सुटत नाही. आणि चिडवायचं असेल तेव्हा धंदा वापरला जातो. 'हा पुढे वडापावची गाडी लावणार', 'हा रिक्षा चालवणार', 'ही धुणीभांडी करणार'. सभागृह हसतं, आणि त्याच सभागृहात वडापावच्या गाडीवर जगणाऱ्या घरातला मुलगा बसलेला असतो. त्याचे वडील पहाटे उठून बटाटे उकडतात तेव्हा त्याची फी भरली जाते. त्याच्या बापाचं काम हे इतरांचं वाईट भविष्य आहे, हे त्याला त्याच्याच शाळेने, निरोपाच्या दिवशी, टाळ्यांच्या गजरात सांगितलेलं असतं. याला मी विनोद मानत नाही. मला याचा मनापासून संताप येतो.

भविष्याला वजन असतं. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना सांगितलं, की चाचणीवरून पाहता अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात ती नावं, वर्गातली साधारण २० टक्के, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्ध्यंकातली वाढ इतरांपेक्षा जास्त भरली. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही, आणि या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांत बराच वाद झाला. शिवाय शिक्षकाची अपेक्षा वेगळी आणि वर्गमित्राची चेष्टा वेगळी. तरी आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. 'हे पोर काही करणार नाही' असं चारदा ऐकलेलं पोर हात वर करायचं सोडून देतं, हे आम्ही रोज बघतो.

म्हणून भविष्यांनाही आम्ही एक अट घातली. पहिली ओळ ज्याची त्याने लिहायची, दुसरी मित्राने जोडायची. एका मुलीने लिहिलं, '२०४५ साली मी धरणावर अभियंता असेन.' ही मुलगी दर तासाला पाणी प्यायला जाऊ का विचारायची. मैत्रिणीने जोडलं, 'आणि दरवाजे उघडण्यापूर्वी सवयीने विचारेल, बाई, जाऊ का?' सगळ्या वर्गाला पेन पुरवणाऱ्या मुलाने लिहिलं, की मी स्टेशनरीचं दुकान काढणार. मित्र म्हणाला, 'तीन शाखा, उधारीची वही चौथ्या शाखेत.' पोरं मनमुराद हसली, तो मुलगा तर सगळ्यांत जास्त. स्वप्न त्याचं होतं, त्याला धक्का लागला नव्हता, उलट त्याला तीन शाखा मिळाल्या होत्या.

सगळंच गोडगोड करून टाकलं, निरोपाची मजा गेली, असं काही सहकारी म्हणतात. पूर्ण बंदी घाला, कशाला ही भानगड, असंही काही म्हणतात. बंदीला माझा विरोध आहे. शाळेत हसू दिलं नाही तर मुलं व्हॉट्सॲपच्या गटावर हसतील, तिथे ना बाई ना साक्षीदार. मस्करीची कुस्करी कुठे होते हे ओळखायला शिकवायचं तर मस्करी आमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. आणि गोडगोडाचं म्हणाल तर 'उत्तरेस गणित' यापेक्षा खमंग चिठ्ठी त्या खोक्यातून मला सव्वीस वर्षांत मिळालेली नाही.

शाळांकडून माझी मागणी फार मोठी नाही. खोका काढा, सही आणा, नाही म्हणायची मुभा द्या, आणि कुणाच्या पोटापाण्याच्या धंद्याला शिवी म्हणून वापरू देऊ नका. यासाठी परिपत्रक लागत नाही, निधी लागत नाही. तालुक्याच्या गावी दस्त लिहिणारे कुणी ना कुणी असतातच, त्यांना एका तासासाठी बोलवा. ते आनंदाने येतील.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस लांबला होता, वर्गात उकडत होतं. मी बटण दाबलं, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. नववीतून दहावीत आलेला एक मुलगा मागच्या बाकावरून उठला, भिंतीपाशी गेला आणि बटण दोन आणि तीनच्या मधे अलगद आणून सोडलं. पंखा फिरू लागला. "आमच्या नावावर आहे, बाई," असं म्हणून तो जागेवर जाऊन बसला.